दुर्बीण महाग, रिंगा स्वस्त

स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी महागडी दुर्बीण आणणारी आमच्या क्लबातली मुलं ती रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा घेताना मात्र भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करतात. ही रायफल आधी मागे, लगेच पुढे झटका देते. ढिल्या रिंगा रायफलवरच्या खाचेवरून सरकतात, नेम चुकतो आणि बोल नेमबाजाच्या हाताला लागतो. (ऑलिंपिकच्या रायफलला दुर्बीण चालतच नाही, तिथे ही कटकट नाही.) रिंगा घेण्याआधी दुर्बिणीची नळी २५.४ मिलिमीटरची की ३०ची, खाच ११ मिलिमीटरची डव्हटेल की रुंद पिकॅटिनी, हे मोजा. रिंगांची उंची? दुर्बिणीचं पुढचं तोंड बॅरलला टेकणार नाही इतपतच. जास्त उंचीने गाल दस्त्यावरून सुटतो. स्प्रिंगच्या रायफलला मी तरी सुट्या रिंगांऐवजी, सरकू न देणारी अडवपिन असलेलं एकसंध माउंटच घ्यायला सांगेन. स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा.