स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटीचा ‘फॅक्टरी रीसेट’

ब्लड कॅन्सरच्या पेशंटमध्ये दात्याच्या स्टेम सेल रुजल्या, डिस्चार्ज मिळाला. मग झालं का सगळं? नाही. न्यूट्रोफिल पेशी साधारण २ ते ४ आठवड्यांत वाढतात, पण टी-सेल सावरायला वर्ष-दोन वर्षंही लागतात; कारण त्यांना घडवणारी थायमस ग्रंथी मोठेपणी आक्रसलेली असते. फोन रीसेट केल्यावर डेटा उडतो, तशी जुन्या लसींची मेमरीही बरीचशी पुसली जाते. लसी पुन्हा घ्याव्या लागतात. त्यातही गोवराची लस जिवंत विषाणूची, म्हणून ती निदान पहिली २ वर्षं देत नाहीत. २०२२ मध्ये मुंबईत गोवर पसरला, तेव्हा अशा पेशंटना मोठा आधार होता तो आजूबाजूच्यांनी घेतलेल्या लसीचा. शेजारच्या मुलाचा चुकलेला डोस त्यांनाही महागात पडू शकतो.