चोर ठरवताना टोला दिसला, पट्टा देताना काऊन दिसत नाही?



वनहक्काचे दावे टाकून आपल्याला वर्षं लोटली. उमरेड, भिवापूर, कुहीकडच्या आपल्या टोल्यांत आजही एकच कागद हातात येते : "पुरावा अपुरा, दावा अमान्य." १३ डिसेंबर २००५ च्या आधी तुम्ही जमिनीवर होते हे दाखवा, म्हणतात. आम्ही बांध दाखवतो, विहीर दाखवतो, आजाची मूठमाती दिली ती जागा दाखवतो. साहेब म्हणते, "कागद आणा."

कागद आहे. तो आपल्या घरात नाही, सरकारच्या घरात आहे. म्हणून ह्या अंकात जुन्या दरोड्याची गोष्ट काढली.

आपल्या एका टोल्यातले म्हातारे सांगतात. आणीबाणीच्या आसपास जवळच्या गावात सावकाराच्या घरी दरोडा पडला. दुसऱ्या दिवशी पोलीस आले ते सरळ टोल्यात. झोपड्या मोजल्या, धानाच्या कोठ्या उलथवल्या, पंच बसवून पंचनामा केला, माणसं बांधून नेली. पुढे कोर्टात ती सुटली. टोल्याचं नाव आम्ही छापत नाही. त्या घरची नातवंडं आज शाळेत जातात, त्यांच्या मागं नसता शब्द लागायला नको.

आता विचार करा. त्या पंचनाम्यात काय असेल? टोल्याचं नाव, घरमालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, घर कुठल्या दिशेला, शेत कुठं, पंच कोण. तलाठ्यानं आपल्याला कधी लिहिलं नाही, वनखात्यानं लिहिलं ते अतिक्रमणदार म्हणून. पण संशय आला त्या दिवशी सरकारनं आपली झोपडी न् झोपडी लिहून नेली. चोर म्हणून आपण हजर, मालक म्हणून गैरहजर!

तो कागद मागायला आम्ही ठाण्यात गेलो. पहिला सवाल, "काऊन पाह्यजे तुमाले?" मंग म्हणे, "एवढं जुनं रेकॉर्ड कुठं रायते? वाळवीनं खाल्लं." पुन्हा गेलो तर म्हणे, "तपासाची बाब आहे, देता येत नाही." आम्ही विचारतो, दोन्ही गोष्टी खऱ्या कशा होतील? वाळवीनं खाल्लं असेल तर लपवता काय? आणि लपवण्यासारखं असेल तर ते जागेवर आहे, एवढं तरी कबूल झालं.

कायदा काय म्हणते ते नीट ध्यानात ठेवा. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ६(२) : माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही. कलम ८(३) : २० वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती द्यावीच लागते. अपवाद फक्त देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद ह्यांचे. तपासाची सबब २० वर्षांनंतर चालत नाही. सावकाराच्या घरच्या दरोड्यात देशाची कोणती सुरक्षा आली? राहिली वाळवी. फाईल हरवली एवढं सांगून अधिकाऱ्याला सुटता येत नाही, शोध घ्यावा लागते, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं आहे. मुदत संपली म्हणून कागद जाळला असेल, तर कोणाच्या हुकमानं, कोणत्या तारखेला, ती नोंद दाखवा.

हा लिहिण्याचा रोग आजचा नाही. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो देशभर लागला. आपल्या पारधी भावांची जन्मल्या लेकरापासून नोंद झाली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, तर १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. कायद्याचं नाव बदललं, संशयाची वही तीच राहिली. आजही चोरी झाली का पहिली गाडी पारध्याच्या बेड्यावर जाते.

आणि पोलिसाचा कागद पुरावा होत नाही, असं कोणी म्हणू नये. इथून जवळच चिमूर आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथं उठाव झाला. इंग्रजाच्या दप्तरात ते दंगेखोर आणि खुनी. स्वातंत्र्यानंतर सैनिकांना पेन्शन लागली तेव्हा पुरावा म्हणून काय मागितलं? तुरुंगाचे आणि कोर्टाचे तेच कागद! तिथं आरोपीचा कागद सन्मानाचा पुरावा होते, तर आमच्या टोल्याचा पंचनामा वस्तीचा पुरावा का होऊ नये? वनहक्क नियमांच्या १३ व्या नियमात सरकारी अभिलेख आहेत, न्यायालयाचे आदेश आणि निवाडे आहेत, म्हाताऱ्यांचे लेखी जबाब आहेत. यातले किमान दोन पुरावे लागतात. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही, हे नियम १२-क सांगते.

काही बाया-माणसं म्हणतात, "जुनी बदनामी काऊन उकरता?" हा सवाल खरा आहे, त्याला हसू नका. आमचं म्हणणं असं : संशयावरून नाव लिहिलं म्हणजे माणूस गुन्हेगार होत नाही. जो कोर्टातून सुटला त्याची बदनामी पोलिसांनी केली, ती शरम आपण काऊन वाहायची? तरी त्या घराला विचारल्याशिवाय अर्ज टाकू नका. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. पंच आणि साक्षीदारांची नावंही त्याच कागदात असतात, तीही वस्तीच सांगतात.

आता काम. ग्रामसभेत बसा. म्हाताऱ्यांना विचारून दरोडा, चोरी, मारामारी, जे काही टोल्यात पोलीस आणणारं झालं, त्याचं साल आणि ठाणं लिहा. साल नक्की नसेल तर कोणत्या दुष्काळाच्या, कोणत्या निवडणुकीच्या आगेमागे ते लिहा. मंग अर्ज टाका : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. एफआयआर, पंचनामा, दोषारोपपत्र आणि गावगुन्हे नोंदवही, चारही मागा. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, त्यानंतर नागपूरला माहिती आयोगात दुसरं अपील.

ठाण्यात नाही मिळालं तरी बसू नका. एफआयआरची खबर मॅजिस्ट्रेटकडे जातच असते आणि दरोड्याचा खटला सत्र न्यायालयात चालते. म्हणजे निकालाच्या नकलेसाठी कोर्टातही अर्ज करता येते.

उशीर करू नका. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवायला सांगितलं होतं. देशभर लोक उठले, तेव्हा २८ तारखेला त्या हुकमाला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे पट्टा नव्हे. जबाब देणारे म्हातारे दरसाल कमी होऊन रायले. त्यांचे जबाब आत्ताच लिहून, अंगठा घेऊन ठेवा.

आम्ही भीक मागत नाही. आमच्याच घरात घुसून जे लिहून नेलं, त्याची नक्कल मागतो.

वाचून झालं का हा अंक पुढच्या टोल्यात द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.