पुण्याहून गावात मतदानाला येणाऱ्या इंजिनिअर पोरांनो, दुसरी मतपत्रिका उघडली का?

१८ डिसेंबर २०२२. रविवार होता. ग्रामपंचायतीचं मतदान. त्याच रात्री अर्जेंटिना-फ्रान्सची फायनल होती, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे.

त्या दिवशी पहाटे खामगावात पुण्याच्या ट्रॅव्हल्स एकामागून एक लागत होत्या आणि त्यातून पोरं उतरत होती. कानटोप्या, पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा, डोळ्यांत झोप. मी चहाच्या टपरीवर होतो. त्यातली चार-पाच तर माझीच जुनी विद्यार्थी निघाली. हिंजवडी, खराडी, बाणेर. कोणी टेस्टिंगला, कोणी डेटा इंजिनिअर. मतासाठी रात्रभर प्रवास, दुपारी मत टाकायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंग.

एकाला विचारलं, "कायले एवढा खर्च?"

"सर, सरपंच यावेळी थेट जनतेतून आहे. दोन-चार मतांवर फिरू शकते."

बरोबर आहे. मग सहज विचारलं, "अन् सोसायटीचं मत टाकलं होतं का यंदा?"

तो म्हणे, "सोसायटीत आमचं नाव नाही ना सर. सातबारा आबांच्या नावावर आहे."

मी हसलो. चूक त्याची नाही. आपल्या जिल्ह्यात सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, पीक कर्ज देणारी. मी विचारत होतो ते आयईईई कॉम्प्युटर सोसायटीबद्दल. हा पोरगा तिचा सभासद आहे, कंपनी वर्गणी भरते, प्रोफाइलवर अभिमानानं लिहिलेलंही आहे. त्या सोसायटीच्या अध्यक्षपदाची मतपत्रिका काही महिन्यांपूर्वी त्याच्या मेलवर येऊन पडली होती. त्यानं ती उघडलीसुद्धा नव्हती. बाकीच्यांना विचारलं, त्यांचंही तेच.

गंमत म्हणजे त्याच २०२२ च्या निवडणुकीत ज्योतिका आठवले निवडून आल्या आणि २०२४ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. जगभर सभासद असलेली, १९४६ पर्यंत मुळं जाणारी संस्था, आणि अध्यक्षपदी आठवले. आडनाव वाचून माझी तरी मान वळली. आपल्याकडे कोणाचा भाचा नासाच्या गेटसमोर फोटो काढून आला तरी दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅप चालतं. या बातमीवर मात्र आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक अंगठासुद्धा उठला नाही.

मी हे का लिहितोय? मी या जिल्ह्यात बरीच वर्षं संगणक शिकवतोय. इथे शेगाव, चिखली, मलकापूर, बुलडाणा, सगळीकडे इंजिनिअरिंग कॉलेजं झाली. शेगावचं तर १९८३ पासूनचं. दरवर्षी पोरं बाहेर पडतात, पुण्याला जातात, पुढे बंगळुरू, पुढे टेक्सास. ही मंडळी व्यावसायिक संघटनांचे सभासद होतात. पण त्या संघटनांवर कोण बसणार हे ठरवायची वेळ आली की आपण गायब. आणि मग आपणच ओरडतो, छोट्या गावाच्या कॉलेजाकडे कोणी बघत नाही.

कोणी म्हणेल, अध्यक्ष कोणी का होईना, आपल्याला काय फरक पडतो? फरक पडतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, अभ्यासक्रम. एसीएम, आयईईई कॉम्प्युटर सोसायटी आणि एएएआय या तीन संघटनांनी मिळून संगणकशास्त्राच्या पदवीसाठी मार्गदर्शक अभ्यासक्रम काढला, सीएस२०२३ नावाचा. त्याआधीचा २०१३ चा. कोणता विषय सक्तीचा, कोणता ऐच्छिक, एआय किती शिकवायचं, नीतिशास्त्र कुठे बसवायचं, हे तिथे ठरतं. दिल्लीत आणि विद्यापीठांत अभ्यास मंडळं बसतात तेव्हा असे दस्तऐवज टेबलावर असतात. तिथून ते झिरपत झिरपत आमच्या लॅबपर्यंत येतं, जिथे निम्मे संगणक जुने आहेत आणि उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते. ज्यानं ते लिहिलं त्याला ही लॅब दिसली होती का? दिसायला हवी असेल तर उमेदवाराला तसं विचारणारा कोणीतरी मतदार हवा.

दुसरी, वाचन. हे मला जास्त जिव्हाळ्याचं आहे. शोधनिबंध वाचायला पैसे लागतात हे पालकांना माहीत नसतं. मोठ्या संस्थांकडे वर्गणी असते, एका क्लिकवर सगळं उघडतं. आमच्याकडे पोरगं सारांश वाचतं आणि पुढे कुलूप. मग इकडून तिकडून फाइल मिळवायची, चोरटेपणानं. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतात, मूळ पेपर वाचला का, आणि पोरगं माझ्याकडे बघतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एसीएमनं आपलं डिजिटल ग्रंथालय तीन महिने सगळ्यांना मोफत केलं होतं. त्या तीन महिन्यांत माझ्या एका विद्यार्थिनीनं शेतातल्या घरातून, बांधावर जिथे रेंज मिळते तिथे बसून, फोनवर इतकं डाउनलोड केलं की पुढचं वर्षभर ती आम्हालाच पेपर पुरवत होती. आता जानेवारी २०२६ पासून ते ग्रंथालय पूर्ण खुलं करायचा निर्णय त्या संघटनेनं घेतला. हा निर्णय आभाळातून पडला नाही. तो निवडून आलेल्या लोकांच्या परिषदेत, अनेक वर्षांच्या वादानंतर झाला. पण वाचणं फुकट झालं म्हणजे खर्च संपला असं नाही, तो लेखकाकडे सरकला. ज्याच्या संस्थेनं करार केलाय त्याला चिंता नाही, बाकीच्यांना निबंध छापायला शुल्क. सवलतींचे नियम असतात, ते बदलतही असतात. म्हणजे उद्या आमच्या कॉलेजातल्या पोरीचा निबंध स्वीकारला गेला तर डॉलरमधलं बिल कोण भरणार, हा प्रश्न आता त्या खुर्चीवर बसणाऱ्याला विचारायचा आहे.

आता उमेदवारांबद्दल. दरवर्षी मी त्यांची निवेदनं वाचतो. खरं सांगू का, कंटाळा येतो. फोटो सगळ्यांचा एकसारखा, मागे पुस्तकांचं कपाट नाहीतर निळा पडदा. भाषा एकच. तरुणांना संधी, उद्योग आणि शिक्षण यांचा सेतू, सर्वसमावेशकता, आणि आता एआय. एकाचं नाव झाकून दुसऱ्याचं लावलं तर कळणार नाही. आपल्या बाजार समितीच्या निवडणुकीत निदान उमेदवार घरी येतो, ओसरीवर बसतो, चहा घेतो. आपण विचारतो, बापू, मागच्या वेळी शेडचं काय झालं? तूर भिजली तेव्हा ताडपत्री कुठे होती? २०२३ च्या एप्रिलमध्ये बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या तेव्हा पॅनल, कपबशी, छत्री, रात्रीचं मटण, सगळं झालं, आणि त्यातलं अर्धं मला अजिबात पटत नाही. पण मतदाराला माणूस माहीत होता. त्याचं कर्ज किती, त्याचा भाऊ कोण, पाच वर्षांपूर्वी त्यानं काय कबूल केलं होतं, सगळं तोंडपाठ. संगणकवाल्यांच्या निवडणुकीत उमेदवाराचे पुरस्कार माहीत असतात, मागच्या कार्यकाळात समितीवर असताना त्यानं काय केलं ते विचारायची पद्धतच आपण लावून घेतली नाही.

तरीही त्या निवडणुकांतली एक गोष्ट मला फार आवडते. एसीएममध्ये नामांकन समितीनं प्रत्येक पदासाठी किमान दोन नावं द्यायची असतात, शिवाय सभासद सह्या गोळा करूनही आपला उमेदवार उभा करू शकतात. कॉम्प्युटर सोसायटीत निवडून येणारा माणूस आधी एक वर्ष नियोजित अध्यक्ष असतो, मग एक वर्ष अध्यक्ष, मग एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून काम करतो. म्हणजे तीन वर्षांची बांधिलकी, हार घालून घरी जायचं नाही.

आपल्याकडे मात्र 'बिनविरोध' हा शब्द किती प्रेमानं उच्चारतात बघा. गाव बिनविरोध झालं की सत्कार, आमदार निधी जाहीर करतात. भांडणं टळली तर चांगलंच आहे, मी स्वतः गावात राहतो, मला माहीत आहे. पण बिनविरोधच्या पोटात काय असतं तेही आपण पाहिलंय. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली होती, पदांचा लिलाव झाला म्हणून. शिकलेल्यांच्या संघटनांत लिलाव होत नसेल, पण "या वेळी हे सर, पुढच्या वेळी ते सर" असं चहाच्या टेबलावर ठरतं आणि त्याला आपण सामंजस्य म्हणतो. मी एका व्यावसायिक संघटनेच्या (नाव लिहीत नाही) शाखेच्या सभेला गेलो होतो. "सर्वानुमते" हा शब्द ऐकायच्या आत कार्यकारिणी झाली होती. मी हात वर केला, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बसा हो, जेवण थंड होतंय." बसलो. आजही त्या बसण्याची लाज वाटते.

त्याच संघटनेची वर्गणी आम्ही विद्यार्थ्यांकडून तीन वर्षं गोळा करून पाठवली. पोरांना काय मिळालं? प्रमाणपत्र. ओळखपत्रं आलीच नाहीत. एका पोराच्या वडिलांनी सोयाबीन विकून आलेल्या पैशातून ती फी दिली होती, त्यांनी मला एसटी स्टँडवर गाठून विचारलं, "सर, त्या कार्डाचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अध्यक्ष कोण हे मला तेव्हा नेटवर शोधावं लागलं होतं. हा माझा दोष, कबूल.

आपल्या देशाची स्वतःची संघटना आहे, कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया. १९६५ ची. पहिले अध्यक्ष आर. नरसिंहन, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ज्यांनी टिफ्रॅक हा देशी संगणक उभा केला. पुढे टीसीएसचे फकीरचंद कोहलीही अध्यक्ष होऊन गेले. त्या पिढीतल्या अध्यक्षांना निवेदनात 'माझी दृष्टी' लिहायची गरज नव्हती, त्यांनी केलेलं यंत्र किंवा कंपनी समोर उभी होती. तिथेही उपाध्यक्ष हाच नियोजित अध्यक्ष असतो. म्हणजे खरी निवड उपाध्यक्षाच्या वेळीच होते, अध्यक्षाच्या खुर्चीकडे बघून उपयोग नाही. महाराष्ट्र-गोव्याच्या विभागासाठी प्रादेशिक उपाध्यक्षही असतो. मुंबई, पुणे, नागपूर ही नेहमीची नावं. त्यांच्याशी माझं वैर नाही. पण त्या पदासाठी मत मागणाऱ्यानं एकदा तरी मलकापूर स्टेशनला उतरून दाखवावं. गाड्या थांबतात, हो! परमचे जनक विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. हुशारी कुठून येते हे या लोकांना सांगायची गरज नसावी, तरी सांगावी लागते.

मित्र म्हणतो, तू फार आदर्शवादी आहेस, एका मतानं अमेरिकेतली संघटना हलणार आहे का? हलणार नाही. पण या निवडणुकांत मत देणारेच थोडे असतात. लाखोंच्या लोकसभेत माझं मत मिसळून जातं, इथे तसं होत नाही. आणि मतापेक्षा प्रश्न जास्त काम करतो. मागच्या खेपेला मी एका उमेदवाराला मेल केला, चार ओळींचा. लहान शहरातल्या कॉलेजांच्या निबंध-शुल्काबद्दल तुमची भूमिका काय? मला वाटलं, कोण उत्तर देतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर. उत्तर अर्धवट होतं, "तपासून पाहू" छापाचं. पण खाली एक वाक्य होतं की हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिलेच.

पहिलाच! हजारो भारतीय सभासद असताना!

तर पुण्यात, बंगळुरूत, कुठे कुठे असलेल्या माझ्या पोरांनो आणि पोरींनो. मतपत्रिका साधारण पोळ्याच्या आगेमागे येते, गणपतीत विसरली जाते. प्रमोशनच्या टॅबमध्ये शोधा, बऱ्याचदा तिथे जाऊन बसते. सभासद क्रमांक किंवा पासवर्ड हरवला असेल तर लाजू नका, मला फोन करा, मीही दोनदा हरवलाय. जे इथेच आहेत त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे या. उमेदवारांची निवेदनं छापून ठेवलीत, मराठीत समजावून सांगेन, मग ज्याचं त्यानं ठरवायचं. कोणाला मत द्या हे मी सांगणार नाही. शुल्काच्या प्रश्नाचा मेल मात्र सगळे मिळून लिहू, या वेळी निदान दहा जणांच्या नावानं.

आणि हो, त्या कार्डवाल्या काकांना कोणी ओळखत असेल तर निरोप द्या. पैसे मी परत करणार आहे, माझ्या खिशातून.