चार मिनिटांच्या गाण्याची परीक्षा

जानेवारी-फेब्रुवारी महिना आला की आपल्याकडच्या गडांवर, धरणांच्या काठी आणि पडक्या वाड्यांच्या चौकांत एक दृश्य हमखास दिसते. कॉलेजची चार-पाच मुले-मुली, एकीच्या हातात कॅमेरा किंवा मोबाइल, दुसऱ्याच्या हातात छोटा स्पीकर, आणि त्या स्पीकरवर एकाच गाण्याचे एकच कडवे पुन्हा पुन्हा वाजते आहे. तिसरा कोणी त्या कडव्याबरोबर ओठ हलवत चालत येतो, अडखळतो, परत मागे जातो. ही मुले सहलीला आलेली नसतात. ती अभ्यास करत असतात. माध्यमांचे पदवी-शिक्षण आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाही, आणि 'म्युझिक व्हिडिओ तयार करा' हा त्यातला मुलांचा सर्वांत लाडका प्रकल्प आहे.

जुन्या वळणाची मंडळी यावर नाक मुरडतात. गाण्यावर ओठ हलवायचे आणि त्याचे मार्क मिळवायचे, याला अभ्यास कसे म्हणायचे, असा त्यांचा सवाल असतो. मी त्यांच्यातला नाही. गेली काही वर्षे बाहेरचा परीक्षक म्हणून ('एक्स्टर्नल' हा त्यासाठीचा रूढ मराठी शब्द) मी असे व्हिडिओ पाहत आलो आहे. माझे मत असे की, विद्यार्थ्याला इतके कसून कामाला लावणारा दुसरा प्रकल्प या अभ्यासक्रमात क्वचितच असेल.

साधे उदाहरण घ्या. गाण्याची लय मिनिटाला 100 ठोक्यांची असेल, तर एक ठोका 0.6 सेकंदाचा होतो. चित्र सेकंदाला 25 चौकटींनी धावत असेल, तर एका ठोक्यात बरोबर 15 चौकटी बसतात. लय 120 वर नेली की ठोका साडेबारा चौकटींचा होतो, आणि अर्धी चौकट तर कापता येत नाही! मग दर ठोक्यावर कात्री चालवण्याचा हट्ट सोडून कुठे आधी, कुठे नंतर कापायचे, हे कानाने ठरवावे लागते. गायक संथ गतीने चालताना दिसावा, पण त्याचे ओठ मात्र गाण्याशी जुळावेत, असे वाटत असेल तर चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते, त्या वेगाने ओठ हलवावे लागतात, आणि सेकंदाला 50 चौकटी टिपून त्या 25 च्या गतीने दाखवाव्या लागतात. वर्गात फळ्यावर शिकवून हे डोक्यात शिरत नाही. एकदा करून पाहिले की जन्मभर विसरत नाही.

शिवाय या विषयात आपली मुले पोरकी नाहीत. पाश्चात्त्य जगात 1 ऑगस्ट 1981 रोजी एमटीव्ही सुरू झाला आणि गाण्याची चित्रफीत हा स्वतंत्र धंदा होऊन बसला. आपल्याकडे ते वारे नव्वदच्या दशकात चॅनेल व्ही आणि एमटीव्ही घेऊन आले. 1995 च्या अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने ते घरोघर पोचवले. पण गाणे पडद्यावर कसे दाखवावे, याचा विचार आपण त्याच्या कितीतरी आधीपासून, बोलपट आल्यापासून करत आलो आहोत. प्रभातच्या 1936 च्या 'संत तुकाराम'पासून पुढे किती नावे घ्यावीत! हा वारसा मोठा आहे, तसाच तो जडही आहे. सिनेमातली गाणी पाहत वाढलेली मुले पहिल्याच दिवशी पावसात भिजणारी नायिका आणि कड्यावर हात पसरून उभा असलेला नायक घेऊन येतात, ती उगाच नव्हे.

तेव्हा माझी तक्रार प्रकल्पाविषयी नाही. ती आपण तो तपासतो कसा, याविषयी आहे.

एका महाविद्यालयातली गोष्ट सांगतो. एका गटाने भाड्याचा कॅमेरा, गिंबल आणि ड्रोन आणून विरहगीत चित्रित केले होते. चित्र लखलखीत होते, रंग झकास होते. मी विचारले, "दुसऱ्या कडव्यात ती मुलगी पाठमोरी, संथ गतीने चालत जाते, ती का?" उत्तर आले, "छान दिसतं म्हणून, सर." जोडलेल्या मूल्यमापनात लिहिले होते की, या प्रकल्पातून आम्ही टीमवर्क आणि वेळेचे नियोजन शिकलो. हेच वाक्य त्या दिवशी मी आणखी तीन फायलींत वाचले.

दुसरा गट चौघी मुलींचा होता. सामग्री म्हणजे काच तडकलेला एक मोबाइल. गाणे म्हणजे त्यांतल्या एकीच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. त्याच मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेल्या. वाद्य नाही, ठेका नाही, त्यामुळे ठोक्यावर कापण्याची सोयच नाही. या मुलींनी आजी जिथे श्वास घेते तिथे कापले होते. आणि चित्र होते गावातल्या पिठाच्या गिरणीचे: फिरणारा पट्टा, पांढऱ्या झालेल्या भिंती, डबे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका. काही शॉट हलले होते, एका ठिकाणी उजेड भगभगीत झाला होता. पण त्यांचे दोन पानी मूल्यमापन मी तिथेच दोनदा वाचले. त्यांनी तो व्हिडिओ आधी वर्गाला दाखवला, मग आजीच्या आळीतल्या बायकांना. वर्ग मध्यावर कंटाळला. बायका गिरणी सुरू होताच हसल्या. आजी मात्र म्हणाली, जात्याला दोघी असायच्या, समोरासमोर. तुमच्या चित्रात जी ती एकटीच उभी आहे. मुलींनी खाली लिहिले होते: आमचा व्हिडिओ बायकांचे कष्ट कमी झाले याविषयी आहे, असे आम्ही समजत होतो. आजीने पाहिल्यावर तो सोबत गेल्याविषयीचा झाला. म्हणून आम्ही शेवटचा शॉट बदलला.

माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत रकाने होते चार: छायाचित्रण, संकलन, फिनिशिंग आणि सादरीकरण. त्याखाली एक ओळ: 'मूल्यमापन अहवाल जोडला आहे – होय / नाही.' त्या दोन पानांपुढे मला 'होय' या शब्दाभोवती गोल करण्यापलीकडे काही देता येत नव्हते. पहिला आला तो ड्रोनवाला गट.

यात त्या गटाचा दोष नाही. आपण ज्याला मार्क देतो, ते मुले आणून देतात. आपण झगमगाटाला मार्क दिले की ती झगमगाट आणतात. तो भाड्याने मिळतो आणि त्याचे भाडे आई-बाप भरतात. म्हणजे निकालपत्रावर आपण गुण मोजतो म्हणतो, पण मोजतो बापाचा खिसा. तालुक्याच्या गावच्या मुलीला यातून आपण काय शिकवतो? की तुझ्या विचारापेक्षा तुझ्या शेजाऱ्याचे गिंबल मोठे!

या कलेचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. बॉब डिलनची 1965 सालची ती प्रसिद्ध चित्रफीत आठवा. लंडनच्या एका बोळात तो उभा आहे, हातात शब्द लिहिलेल्या पाट्या आहेत, गाण्याबरोबर तो त्या एकेक करून खाली टाकतो. कॅमेरा जागचा हलत नाही. 2006 मध्ये 'ओके गो' या अमेरिकन वाद्यवृंदाने आठ ट्रेडमिल, स्थिर कॅमेरा आणि कुठेही न तोडलेला एकच शॉट एवढ्यावर गाणे उभे केले. त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आणि आपल्याच घरचे उदाहरण हवे असेल, तर 1959 च्या 'कागज के फूल'मधले गीता दत्त यांच्या आवाजातले गाणे. स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत व्ही. के. मूर्तींनी आरशांच्या साहाय्याने बाहेरचे ऊन आत वळवून मिळवला होता. ऊन कोणालाही फुकट मिळते. ते कुठे पाडायचे, हे ठरवायला मात्र गाणे समजावे लागते.

ही समज तपासायची कशी? ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला माध्यम-अभ्यास हा विषय आहे, आणि म्युझिक व्हिडिओ हा तिथे अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या आवडीचा प्रकल्प राहिला. 2008 पासून शिकवल्या गेलेल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात 100 पैकी 20 गुण संशोधन आणि नियोजनाला, 60 निर्मितीला आणि 20 मूल्यमापनाला होते. मूल्यमापनाचे प्रश्नही ठरलेले होते. रूढ संकेत तुम्ही कुठे पाळले, कुठे मोडले? व्हिडिओ आणि त्याच्या जोडीला केलेले अल्बमचे वेष्टन व जाहिरात यांचा मेळ किती बसला? प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकलात? तंत्रज्ञान कोणत्या टप्प्यावर कसे वापरले? 'टीमवर्क शिकलो' हे यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर होत नाही.

अर्थात ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे पाठ करून घेणारे शिक्षक सगळ्याच देशांत असतात. 2017 पासून तिथे नवे अभ्यासक्रम आले. त्यांत नंतरच्या मूल्यमापनाऐवजी, विद्यार्थ्याने सुमारे 500 शब्दांत आपला हेतू लिहून द्यायचा असतो. मला विचाराल तर दोन्ही हवे. आधी हेतू, मग व्हिडिओ, मग प्रेक्षक, आणि शेवटी हेतू आणि परिणाम यांतल्या अंतराचा हिशेब. त्या चौघी मुलींचे शिक्षण नेमके त्या अंतरात झाले.

हा हिशेब मांडायला साधी हत्यारे पुरतात. अँड्र्यू गुडविन यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात शब्द आणि चित्र यांचे तीन प्रकारचे नाते सांगितले आहे. चित्र शब्दांतले तेच दाखवते, किंवा शब्दांच्या अर्थात भर घालते, किंवा शब्दांशी फटकून वागते. गाण्यात चंद्र आला की पडद्यावर चंद्र, हा पहिला प्रकार. जात्याच्या ओव्यांवर विजेची गिरणी, हा तिसरा. विद्यार्थ्याने आपल्या प्रत्येक कडव्यापुढे यांपैकी एक शब्द लिहावा आणि मिनिट-सेकंद देऊन कारण सांगावे. आवाज बंद करून व्हिडिओ एकदा पाहावा. मग डोळे मिटून गाणे ऐकावे. आणि चित्राने गाण्यात काय घातले, ते दोन ओळींत लिहावे. लॉरा मल्व्ही यांनी 1975 च्या निबंधात सिनेमातल्या पुरुषी नजरेचा प्रश्न उभा केला, तोही इथे विचारावा: या चार मिनिटांत बाई कोणाकडे पाहते, की तिच्याकडे फक्त पाहिले जाते? आणि प्रेक्षकांना 'कसे वाटले?' असे कधीही विचारू नये. मित्र 'मस्त' म्हणतात आणि विषय संपतो. 'काय दिसले? लक्ष कुठे उडाले?' असे विचारावे, आणि ज्यांना तुमचे मन राखायचे नाही अशांना विचारावे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. कलाकृतीने स्वतःच बोलावे, दोन पानी खुलासा कशाला? आक्षेप कलावंताच्या बाबतीत रास्त आहे. पण विद्यार्थी परीक्षेला बसलेला असतो. गणितात उत्तर बरोबर आले तरी आपण पायऱ्या मागतोच ना? उत्तर शेजाऱ्याचे पाहूनही लिहिता येते. शॉटचेही तसेच आहे. दुसरे असे म्हणतात की, ज्याला लिहिता येत नाही पण दाखवता येते, त्याच्यावर यात अन्याय होईल. त्याला बोलू द्यावे. संकलनाच्या टेबलाशी बसवून दहा मिनिटे तोंडी विचारावे. त्या मुलींचे दोन पानही काही साहित्य म्हणून थोर नव्हते.

माझी सूचना त्यामुळे अगदी साधी आहे. 100 पैकी 20 गुण आधी लिहून दिलेल्या हेतूला, 40 व्हिडिओला आणि 40 मूल्यमापनाला द्यावेत. चित्रीकरण सर्वांनी मोबाइलवरच करावे. प्रेक्षकांत निदान पाच जण महाविद्यालयाबाहेरचे असावेत. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. गुणपत्रिकेवरचे चार रकाने बदलावे लागतात.

हे एवढे महत्त्वाचे का, असे कोणी विचारील. ही मुले आयुष्यभर गाण्याचे व्हिडिओ करत बसणार नाहीत. त्यांतली काही उद्या जाहिराती करतील, काही बातम्या कापतील, काही निवडणुकीच्या प्रचारफिती बनवतील. गाण्याच्या तालावर चित्र कापले की पाहणाऱ्याचे मन हलते, हे कसब आपण त्यांच्या हाती देतो आहोत. समोरच्या माणसाला आपल्या चित्रात काय दिसले, हे त्याला विचारण्याची आणि त्याचे ऐकून आपला शॉट बदलण्याची सवय मात्र आपण 'होय / नाही'च्या एका ओळीत गुंडाळून ठेवली आहे.