टक्का वाढला, एकरी तेल किती?



सुगंधी गवताची रोपे विकणारे गावोगाव भेटतात. सांगणे एकच : पाऊस कमी पडला तर पडू द्या, ताण बसला की तेल वाढते. आमचे म्हणणे, हे अर्धेच खरे आहे.

खरे अर्धे आधी. ताण पडला की झाड पानांची रंध्रे मिटते आणि वाढ थांबवते. वाढीला न लागलेली साखर मग तेलासारख्या संरक्षक द्रव्यांकडे वळते. पान लहान राहते, तेलाच्या पेशी दाट होतात. आपल्याला याचे नवल नको. पावसाने दडी मारली की खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष वाढते आणि जनावर दगावते, तो प्रकार याच जातीचा. रोशा गवत, म्हणजे आपली तिखाडी, तर ज्वारीची भाऊबंदच. एकेकाळी खानदेशच्या रानात तिचे तेल काढत आणि ते मुंबईहून पार तुर्कस्तानात, गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला जाई. त्या गवतासाठी कोणी विहीर खणली नव्हती.

आता लपवलेले अर्धे. समजा, बऱ्या पावसात एकरी १०० क्विंटल हिरवे गवत आणि ०.४ टक्के तेल; हाती ४० किलो. ताणात टक्का ०.६ झाला, पण गवत ५० क्विंटलवर आले. हाती ३० किलो. टक्का दीडपट, पैसा मात्र पाऊण! शिवाय सुकत चाललेल्या गवतात पाणीच कमी, म्हणून ओल्या वजनावर काढलेला टक्का उगाच फुगतो. ताण लांबून पाने करपली की तोही उतरतो.

तरी आम्ही या पिकाला नाही म्हणत नाही. ऐन वेळी पाऊस रुसला की कपाशीची पातेगळ होते, ज्वारीचा दाणा भरत नाही. इथे पाला-फुलोरा हाच माल. तेल दाट असले तर किलोमागे सरपणही कमी जळते. मात्र पहिल्या वर्षी रोप जगवायला पाणी लागते, तेलाची वाफ थंड करायलाही लागते. ते कोणी सांगत नाही.

तेव्हा टक्का विचारू नका. मुरमाड रानात, कमी पावसाच्या साली एकरी किती किलो तेल निघाले ते विचारा. भट्टी किती लांब आहे, किलोचा भाव कागदावर कोण लिहून देतो, तेही विचारा. लिहून देईल त्याच्याकडूनही पहिल्या साली अर्ध्या एकरापुरतीच रोपे घ्या.