अक्षरांमागचा पत्ता

एखाद्या सकाळी पुरवठादाराचा फोन येतो: ‘आमचे जुने संकेतस्थळ आता आमच्याकडे राहिलेले नाही, त्यावर कोणी जाऊ नये.’ संकेतस्थळाचे नाव ठरावीक मुदतीपुरतेच मिळते. नूतनीकरण राहून गेले की ते दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि तेथे मांडलेला देखावा पूर्वीसारखाच असू शकतो. पेढीवरच्या मुनीमजींपुढे मग एकच प्रश्न उरतो. गेल्या कित्येक वर्षांची दरपत्रके आणि करारपत्रे संगणकात आहेत. त्यांतील कोणकोणत्या फाईलींत हा जुना पत्ता दडलेला आहे?

शोधपेटीत ते नाव टाकावे, तर उत्तर येते: काही सापडले नाही. वस्तुतः एका दरपत्रकात ‘नवे दर येथे पाहावेत’ ही निळी, अधोरेखित ओळ असते आणि तिच्यावर टिचकी मारताच तेच संकेतस्थळ उघडते.

याचे कारण फाईलीच्या रचनेत आहे. वर्डची ‘डॉक्स’ फाईल म्हणजे खरे तर एक बांधलेले गाठोडे. वाचावयाचा मजकूर त्यातील एका कागदावर, तर दुव्यांचे पत्ते दुसऱ्याच कागदावर. दोहोंना जोडणारी असते ती केवळ एक खूण. खतावणीत रोजमेळाचा पान क्रमांक असावा, तशी. शोध घेणारी पुष्कळ सॉफ्टवेअरे आपली सूची करताना पहिलाच कागद वाचतात. पीडीएफमध्येही पत्ता अक्षरांत नसतो, पानाच्या त्या चौकटीवर तो वेगळा चिकटवलेला असतो. जुन्या हस्तलिखित पोथ्यांची सूची केवळ ग्रंथनामावरून केली, तर शेवटच्या पुष्पिकेत नोंदलेले, पोथी लिहवून घेणाऱ्या श्रावकाचे नाव असेच हाती लागत नाही.

एकदोन फाईलींपुरता उपाय सोपा आहे. वर्डमध्ये ‘आल्ट’ आणि ‘एफ ९’ या कळा एकत्र दाबल्या की दुव्यांमागचे पत्ते उघड होतात (काही लॅपटॉपवर ‘एफएन’ कळही लागते). मग नेहमीचा शोध त्यांना पकडतो. त्याच कळा पुन्हा दाबल्या की पत्ते झाकले जातात.

शेकडो फाईली असतील तर सूचीचीच पद्धत बदलावी लागते. ‘रिकॉल’सारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रकारच्या फाईलीचा मजकूर काढून देणारे छोटे प्रोग्राम असतात. जाणकाराकडून त्यांत भर घालून घेतली, तर दुव्यांचे पत्तेही मजकुरासोबत सूचीत उतरतात. मात्र आधीच्या फाईलींची सूची पुन्हा नव्याने करावी लागते, हे हमखास विसरले जाते आणि मग उपाय फसला अशी तक्रार होते. शोधतानाही संपूर्ण पत्ता लिहिण्यापेक्षा त्यातील एखादा विशेष शब्द टाकावा; टिंबे आणि तिरप्या रेघांशी पुष्कळ सॉफ्टवेअरे पत्त्याचे तुकडे करतात.

नव्या कागदांसाठी मुनीमजींना इतके सांगून ठेवावे की ‘येथे पाहावेत’ या शब्दांपुढे कंसात पूर्ण पत्ता टाईप करावा. ओळ थोडी लांबते आणि दिसायलाही बेढब होते, पण कोणत्याही शोधाला ती सापडते.