भांडुपचे सगळे 'इतर'

परवा शनिवारी वेळ होता म्हणून २०११च्या जनगणनेचे मुंबईचे तक्ते उघडून बसलो. हेतू साधा. आपल्या भांडुपात लोक काम काय करतात ते बघायचं. वॉर्डापर्यंत पोचणाऱ्या प्राथमिक गोषवाऱ्यात काम करणाऱ्यांचे चारच प्रकार निघाले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगवाले आणि 'इतर'.

आता मला सांगा, भांडुपात शेती कोण करतो? घरी पापड लाटणारे वगैरे थोडे सोडले, तर अख्खं भांडुप 'इतर'! आमच्या धंद्यात कुणी असा प्रोग्रॅम लिहिला, की आधी तीन इफ घातले आणि येणारा जवळजवळ प्रत्येक जण शेवटच्या एल्समध्ये जाऊन पडतोय, तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतील. इथे मात्र तो सरकारी तक्ता म्हणून खपून जातो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? सांगतो.

पूर्वी भांडुप म्हटलं की कारखान्यांची नावं यायची. जीकेडब्ल्यू, सिएट, एशियन पेंट्स. आमच्या बिल्डिंगच्या गेटवरचे काका त्याच काळातले. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात टर्नर होते (कुठल्या, ते राहू द्या). आठ तासांची पाळी, ओव्हरटाइमला दुप्पट पैसे, पीएफ, कँटीन, युनियन. कारखाना बंद पडला. आता साठी उलटल्यावर एजन्सीतर्फे बारा तास खुर्चीत बसतात. खाडा झाला की पैसे कापले.

जनगणनेच्या लेखी त्यांचं काय बदललं? काहीही नाही! वर्षातले सहा महिने काम केलं की माणूस 'मुख्य कामगार'. तेव्हाही मुख्य कामगार, 'इतर'. आताही मुख्य कामगार, 'इतर'. आणि एसीत बसून कीबोर्ड बडवणारा मीसुद्धा त्याच रकान्यात. काकांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, "मग पगारपण सारखा करायला सांगा की."

सविस्तर व्यवसायांचे तक्ते नसतात असं नाही. असतात, पण जिल्ह्याचे आणि शहराचे. मुंबई उपनगर जिल्हा म्हणजे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि इकडे मुलुंडपर्यंत. पाली हिल आणि भांडुपचं टेंभीपाडा एकत्र ढवळून जी सरासरी निघते, तिचा उपयोग कुणाला?

दुसरी मोजणी म्हणजे २०१७पासून चालू असलेली पीएलएफएस, श्रमशक्तीची पाहणी. ती प्रश्न चांगले विचारते हे मान्य करायला हवं. लेखी करार आहे का, पगारी रजा आहे का, पीएफ आहे का. २०२३-२४च्या पाहणीत देशभरातल्या बिगरशेती नियमित पगारदारांपैकी निम्म्याहून जास्त लोकांकडे लेखी करारच नव्हता. पण पेपरात मथळा कशाचा? बेरोजगारी फक्त ३.२ टक्के! साप्ताहिक हिशेब तर आणखी उदार. मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलंत, की तुम्ही रोजगारात. ही व्याख्या जगभर चालते, ठीक आहे. पण स्टेशनबाहेर बाईकवर ऑर्डरची वाट बघत बसलेल्या पोराला त्यातून काय कळणार? शिवाय ही नमुना पाहणी, ती काही भांडुपपुरतं बोलत नाही.

आणि नेमकं इथेच सगळ्यांचं फावतं. कारखान्याच्या जागी मॉल आला, टॉवर आले, तरी 'रोजगार गेलाच नाही' असं छातीठोकपणे सांगता येतं. डोकी तेवढीच आहेत ना? डोकी मोजली, काम मोजलंच नाही! सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१पासून कायदा आहे, त्याखाली मंडळं आहेत. पण एखाद्या वॉर्डात रक्षक किती, त्यातले मंडळात नोंदलेले किती, बारा तास राबणारे किती, हे शेजारी शेजारी मांडलेलं नसेल, तर जाब विचारायचा कशाच्या जोरावर?

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माझी मागणी मोठी नाही. वॉर्डाच्या तक्त्यात शहरातल्या कामांचे दहा-बारा तरी रकाने द्या. त्याशेजारी दोन प्रश्न: रोज तास किती, आणि पीएफ आहे का. पीएलएफएसवाले असले प्रश्न विचारतातच, म्हणजे विचारता येत नाहीत असं नाही.

असो. फार लांबलं. काका खाली बसलेत, त्यांची पाळी संपायला अजून पाच तास आहेत.